पारध आणि पारधी : अमेरिकेतील जुन्या हरिणशिकारीच्या आठवणी वाचताना

नोव्हेंबर महिना आपल्या मंडळींचा दिवाळीच्या उरलेल्या फराळात आणि थँक्सगिव्हिंगच्या बेतात निघून जातो. पण याच महिन्यात आपल्या शेजारपाजारी आणखी एक सण साजरा होत असतो, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो सण म्हणजे हरणाच्या शिकारीचा हंगाम. आमच्या पेनसिल्व्हेनियात १९६३ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीचा हंगाम सुरू होत असे. ग्रामीण भागातल्या कितीतरी शाळा त्या दिवशी चक्क बंद असत. २०१९ साली हा मुहूर्त सोमवारवरून शनिवारवर आणला गेला. कारण व्यवहारी होते. नोकरदारांना आणि कॉलेजातल्या मुलांना रजा काढावी लागू नये, म्हणजे नवे शिकारी टिकतील. पण जुन्या शिकाऱ्यांना फार वाईट वाटले. आपल्याकडे कोणी गणेशचतुर्थी सोयीसाठी वीकएंडला सरकवली (आणि आपण इथे ती सरकवतोच!) तर आजीला जे वाटेल, तेच त्यांना वाटले.

या निमित्ताने मी जुन्या शिकारीच्या आठवणींचे बरेच लेखन वाचले. त्यातले काही मोठे साहित्य आहे, तर काही गावच्या वर्तमानपत्रातली साधी सदरे. साध्या सदरांत बहुधा ठरावीक गोष्टी येतात. लाकडी खोपट, शेगडीवरची कॉफी, ओल्या लोकरीचा वास. तांबड्या-काळ्या चौकड्यांचा वूलरिच कंपनीचा कोट, ज्याला इथे थट्टेने 'पेनसिल्व्हेनियाचा टक्सिडो' म्हणतात. आजोबांची विंचेस्टर मॉडेल ९४ रायफल. पत्ते कुटणारे काका. पहाटेच्या अंधारात मुलाला झाडाखाली बसवून 'हलू नकोस' एवढेच सांगून निघून गेलेले वडील. आणि शेवटी सुस्कारा : आता ते राहिले नाही. आता कॅमेरे झाडाला बांधतात, फोनवर हरणाचे चित्र येते, धनुष्याला चाके लावतात.

हे वाचताना मराठी वाचकाला ओळखीचे वाटल्याशिवाय राहत नाही. आजोबांच्या रायफलीच्या जागी आजीचे जाते घाला, खोपटाच्या जागी वाडा घाला, म्हणजे आपल्या कोणत्याही स्मरणिकेतला एक लेख तयार होतो. आपल्या समीक्षेने याला 'स्मरणरंजन' असा नेमका शब्द दिला आहे. स्मरण आहेच, पण त्यात रंजनही आहे. म्हणून या शिकारी स्मरणरंजनाची परीक्षा करणे म्हणजे थोडी आपलीही परीक्षा करणे आहे.

आधी शब्दांची एक गंमत पाहू. संस्कृतात 'मृग' म्हणजे मुळात कोणतेही रानटी जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र होतो आणि माकड शाखामृग. पुढे तो शब्द आखडत हरणापुरता उरला, आणि शिकारीला मात्र 'मृगया' हे नाव राहिले. इंग्रजीतही अगदी हेच घडले. 'डिअर' हा शब्द मुळात कोणत्याही जनावराला लावत. जर्मन भाषेत त्याचा भाऊ 'टिअर' आजही जनावर याच अर्थी वापरतात. दोन दूरच्या भाषांनी सगळ्या रानासाठीचा शब्द हरणाच्याच ओंजळीत टाकावा, यात अर्थ आहे. माणसाने रानाची जी आठवण जपली, तिचे तोंड हरणाचे आहे.

आता मोठ्या साहित्याकडे वळतो. विल्यम फॉकनर हे १९४९ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले मिसिसिपीचे लेखक. १९४२ साली त्यांचे 'गो डाउन, मोझेस' हे पुस्तक आले. त्यात एकमेकांत गुंतलेल्या सात कथा आहेत. त्यांपैकी 'द ओल्ड पीपल' या कथेत आयझॅक मॅकॅस्लिन हा बारा वर्षांचा मुलगा आपले पहिले हरीण मारतो. त्याचा गुरू सॅम फादर्स हा चिकसॉ सरदाराचा मुलगा, पण गुलाम आईच्या पोटी जन्मलेला. तो हरणाच्या गरम रक्ताने मुलाचे तोंड माखतो. ही एक प्रकारची मुंजच आहे. या मुलाला नंतर आयुष्यभर त्या रक्ताची लाज वाटत नाही आणि घमेंडही वाटत नाही. आपण एका जिवाचे देणे लागतो, एवढी जाणीव राहते. जुन्या शिकारीवर इतके सुंदर आणि गंभीर लिखाण माझ्या वाचनात दुसरे नाही.

पण त्याच पुस्तकात 'द बेअर' ही दीर्घ कथा आहे आणि तिचा चौथा भाग रानात घडतच नाही. तो घडतो मळ्याच्या कोठीत, जुन्या हिशेबाच्या चोपड्यांसमोर. सोळा वर्षांचा असताना आयझॅकने त्या चोपड्या वाचलेल्या आहेत. त्यांत गुलामांची खरेदी, जन्म, मृत्यू नोंदलेले आहेत. त्या कोरड्या नोंदींतून त्याला उमगते की आपल्या आजोबाने एका गुलाम स्त्रीपासून मुलगी जन्माला घातली, आणि पुढे त्या स्वतःच्या मुलीवरही हात टाकला. त्या मुलीच्या आईने जीव दिला. हे कळल्यावर आयझॅक वारशाने मिळणारी सारी जमीन सोडून देतो. ज्या रानाने त्याला माणूस केले, ते रान आणि ही चोपडी एकाच कथेत आहेत, हे फॉकनर आपल्याला विसरू देत नाही.

गंमत पुढेच आहे. १९५५ साली फॉकनरने आपल्या शिकारकथांचा 'बिग वुड्स' नावाचा वेगळा संग्रह काढला. त्यात 'द बेअर' आहे, पण हा चौथा भाग गाळलेला आहे! रान आहे, अस्वल आहे, कुत्री आहेत, म्हातारा गुरू आहे, फक्त चोपडी नाही. 'डेल्टा ऑटम' या कथेचेही तसेच. मूळ कथेत आयझॅक आता ऐंशीच्या घरात आहे आणि पूर्वी गावाजवळ असलेल्या रानासाठी त्याला मोटारीने दोनशे मैल जावे लागते. त्या तंबूत एक तरुणी तान्हे मूल घेऊन येते. मूल त्याच्याच कुळातल्या तरुण शिकाऱ्याचे, आणि ती स्त्री चोपडीतल्या त्याच गुलाम शाखेची. एके काळी सारा वारसा सोडणारा हा माणूस तिला शिकारीचे जुने शिंग देतो, आणि उत्तरेला जाऊन आपल्या वर्णाचा नवरा कर असा सल्ला देतो. ती त्याला विचारते की तुम्ही इतके जगलात, इतके विसरलात, प्रेमाविषयी काहीच आठवत नाही का? 'बिग वुड्स'मध्ये या कथेचा जो अंश घेतला आहे, त्यात रानाचा विलाप उरला आहे आणि ती स्त्री गेली आहे.

शिकारकथांचा संग्रह म्हणून 'बिग वुड्स' सुटसुटीत आहे, देखणा आहे, वाचायला कितीतरी सोपा आहे. पण एकाच लेखकाची ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की स्मरणरंजनाचे दोन प्रकार स्वच्छ दिसतात : चोपडीसकट आठवण आणि चोपडी काढून घेतलेली आठवण. दुसरी गोड असते. पहिली खरी असते, आणि माझ्या मते अधिक गोडही, कारण त्यात सॅम फादर्सच्या हाताचे मोल कळते. जो गुरू मुलाला रानाचा राजपुत्र करतो, त्याचे नाव त्या घराच्या मालमत्तेत होते, हे ठाऊक असल्याशिवाय त्या रक्ताच्या टिळ्याचा अर्थ पुरा होत नाही.

ही कसोटी मी मग इतर पुस्तकांना लावून पाहिली.

चाके लावलेल्या आधुनिक धनुष्याचे पेटंट १९६९ सालचे. त्याला कंटाळून साध्या लाकडी धनुष्याकडे परतणारे बरेच शिकारी अमेरिकेत आहेत. त्यांच्या लेखी आद्य ग्रंथ म्हणजे डॉक्टर सॅक्सटन पोप यांचे 'हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो', १९२३ सालचे. पोप ही विद्या शिकले इशीकडून. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. तो याही जमातीचा शेवटचा माणूस. बाकीची जमात सोन्याच्या शोधात आलेल्या वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत, रोगराईत आणि उपासमारीत संपलेली होती. त्याने आपले खरे नाव कधीच सांगितले नाही. 'इशी' म्हणजे त्याच्या भाषेत नुसते 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात तो राहिला आणि १९१६ साली क्षयाने गेला. पोप त्याचे डॉक्टर आणि मित्र. धनुष्य कसे तासायचे, बाण कसा धरायचा, हरणाच्या वाऱ्याखाली कसे थांबायचे, हे इशीने त्यांना दाखवले.

पोप यांच्या पुस्तकाची सुरुवात इशीपासूनच होते, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. त्यांनी त्याला मान दिला. तरी त्या पुस्तकात इशी हा मुख्यतः एका विद्येचा दाता म्हणून येतो, आणि पुस्तक लवकरच डॉक्टरांच्या स्वतःच्या शिकारींकडे वळते. याही लोकांचे काय झाले याची पुरी चोपडी वाचायची तर थिओडोरा क्रोबर यांचे 'इशी इन टू वर्ल्ड्स' (१९६१) हातात घ्यावे लागते. ही दोन पुस्तके जोडीने वाचावीत. 'पारंपरिक' या शब्दाचा अभिमान बाळगणाऱ्याने ती परंपरा कोणाची, आणि ते लोक कुठे गेले, एवढे विचारायलाच हवे.

आल्डो लिओपोल्ड यांचे 'अ सँड काउंटी अल्मनॅक' १९४९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने आले. हे गृहस्थ स्वतः शिकारी, स्वतःची धनुष्ये स्वतः करणारे. शिकाऱ्याने अंगावर लटकवलेल्या यंत्रांची त्यांनी केलेली थट्टा आजही ताजी आहे. पण मला त्यांचे मोठेपण दुसऱ्या प्रकरणात दिसते. तरुणपणी वनखात्यात असताना त्यांनी एका लांडगीला गोळी घातली आणि तिच्या डोळ्यांतली हिरवी आग विझताना पाहिली. लांडगे कमी म्हणजे हरणे जास्त, आणि हरणे जास्त म्हणजे शिकाऱ्यांचा स्वर्ग, असा तेव्हाचा हिशेब. पुढे त्यांनी पाहिले की लांडगे संपलेल्या डोंगरावर हरणांनी झुडपे ओरबाडून टाकली आणि मग स्वतःच उपाशी मेली. इथे चोपडी लेखकाच्या स्वतःच्या हातची आहे, आणि त्याने ती मिटलेली नाही. शिकार त्यांनी सोडली नाही. आंधळेपणा सोडला.

सिनेमाच्या बाबतीत मी जरा कठोर होईन. मायकेल चिमिनो यांचा 'द डिअर हंटर' (१९७८) हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळालेला चित्रपट. क्लेअरटन या पेनसिल्व्हेनियाच्या पोलादी गावातले कामगार व्हिएतनामला जाण्याआधी शिकारीला जातात. 'एकच गोळी' हे रॉबर्ट डी नीरोच्या पात्राचे व्रत असते. परत आल्यावर समोर हरीण असूनही तो नेम सोडून देतो. हा प्रसंग विसरणे अशक्य आहे. पण ज्या गगनभेदी शिखरांत ते हिंडतात ती आमच्या पेनसिल्व्हेनियात नाहीतच. ती दृश्ये वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरांत चित्रित झाली. आठवण भूगोलही उंच करून घेते! ते एक वेळ चालेल. पण व्हिएतनामी माणूस या चित्रपटात जवळजवळ फक्त क्रूर म्हणूनच येतो. हरणावर दया दाखवण्याइतका मोठा झालेला नायक, आणि समोरच्या माणसाला चेहरा नाकारणारा चित्रपट, ही विसंगती मला खटकते.

आणि गावच्या सदरांतल्या 'आमच्या आजोबांच्या काळी हरणेच हरणे होती' या वाक्याचे काय? आजोबांच्या काळचे खरे असेल, पण पणजोबांच्या काळचे नाही. १९०० च्या सुमारास बाजारासाठी केलेली बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे पेनसिल्व्हेनियात हरीण जवळजवळ दिसेनासे झाले होते. १८९५ साली राज्याचे गेम कमिशन स्थापन झाले. १९०६ पासून दुसऱ्या राज्यांतून हरणे आणून सोडली गेली. १९०७ पासून फक्त नर मारायचा, असा नियम झाला. लाकूड कंपन्यांनी उत्तरेकडचे डोंगर बोडके केले होते, तिथे कोवळी झुडपे उगवली, हरणांना खाणे मिळाले, आणि १९२०-३० च्या दशकांत हरणेच हरणे झाली. म्हणजे ज्याला सनातन रान समजून नातू हळहळतो, ते एका मोठ्या तोडीनंतरचे पोरवयाचे रान होते, आणि ती हरणे कायद्याने परत आणलेली होती. १९३७ च्या केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. शिकाऱ्यांच्या पैशानेच हरणे राखली गेली, हे त्यांच्या बाजूचे जमेचे पानही प्रामाणिकपणे वाचले पाहिजे. चोपडीत जमा आणि नावे दोन्ही असतात.

पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून नाताळानंतर चकमकीच्या, ठासणीच्या बंदुकीचा खास हंगाम असतो. स्मरणरंजनाला सरकारी शिक्का मिळाल्याचे हे उदाहरण. पण मला तो हंगाम आवडतो. दारू भिजली तर बार फुसका जातो, एक बार चुकला तर हरीण निघून जाते. जुन्या शिकारीच्या आठवणीत जे खरोखर मोलाचे आहे, ते हेच : स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा. सहज मिळू शकणारी गोष्ट कष्टाने मिळवण्याचा आग्रह. हाताने पुरण वाटणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये.

आपल्यापैकी कित्येकांना हा सगळा विषयच अमंगळ वाटेल. 'बिचारी हरणे!' असे आपण म्हणतो, अनेकदा चिकनच्या ताटावर बसून. परसात लावलेली मेथी आणि टोमॅटो एका रात्रीत फस्त झाले की तीच बिचारी हरणे आपल्याला उपद्रव वाटतात. माझे एक शेजारी दर डिसेंबरात हरणाच्या मांसाची पुडकी वाटतात, आणि त्यावर जनावर कोणत्या दिवशी, कोणत्या ओढ्याकाठी पडले ते लिहितात. पुडके घ्यावे की न घ्यावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण ती चिठ्ठी ही एक छोटी चोपडीच आहे, आणि तशी चिठ्ठी आपल्या सुपरमार्केटच्या कोंबडीवर नसते.

शिवाय आपण काही शिकारीपासून इतके दूर नाही. पंचवटीच्या सोनेरी हरणामागे तर रामच धावला. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटाची शिकार होत असे, आणि देशातले चित्ते दुर्मिळ झाल्यावर त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात. त्या वैभवाची वर्णने आपण चवीने वाचतो. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक आपल्याला लाभला हे आपले भाग्य. माणदेशात बंदूक घेऊन हिंडलेल्या या माणसाने पुढे ती ठेवून दिली आणि दुर्बीण, वही हाती घेतली. 'नागझिरा' आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले 'सत्तांतर' ही त्या बदलाची फळे. लिओपोल्डच्या शेजारी आपल्या माडगूळकरांचे नाव निःसंकोच ठेवावे.

पण आपली गाळलेली प्रकरणे आपणही वाचली पाहिजेत. 'पारध' हा शब्द आपल्याला काव्यमय वाटतो. 'पारधी' हा शब्द ऐकताच मात्र चेहरा बदलतो. हरणाची वाट, पाणवठा, वारा हे सारे जाणणारे, गायीच्या आडोशाने सरकत जाऊन फासे लावणारे हे आपले सॅम फादर्स. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या मार्गाने त्यांच्यासारख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला. सोलापूरला अशा जमातींना तारांच्या कुंपणात ठेवण्याची 'सेटलमेंट' होती, आणि गावात आजही ते नाव ऐकू येते. १९५२ साली तो कायदा गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट वाचले आणि ते योग्यच झाले. रेहेकुरीचे माळ आज काळविटांनी शोभतात. पण राजाची शिकार 'वैभव' ठरली आणि पारध्याची शिकार 'गुन्हा', हा फरक कायद्याने नव्हे, आपल्या आठवणीने केला आहे. संशयाने पाहणारी नजर कायद्याबरोबर गेली नाही.

म्हणूनच मला वाटते की अमेरिकन शेजाऱ्यांच्या हळहळीकडे हसून पाहण्यापेक्षा तिच्यापासून शिकावे. स्मरणरंजन वाईट नाही. परदेशात राहणाऱ्याला तर ते अन्नासारखे लागते. ते नसते तर ही स्मरणिकाही नसती. पण वाड्याची आठवण लिहिताना मागच्या दाराने येऊन भांडी घासणारीला पाणी कोणत्या भांड्यातून दिले जाई, तेही एका ओळीत यावे. आजोबांच्या शेतीचे वैभव लिहिताना सालदाराचे नाव यावे. त्याने आठवणीची गोडी जात नाही. आपल्या इथे वाढलेल्या मुलांना ती आठवण पटण्याची शक्यता मात्र वाढते, कारण गुलामगिरीचा आणि इथल्या मूळ रहिवाशांचा इतिहास ती शाळेत शिकून येतात आणि गाळलेले पान त्यांना लगेच ओळखू येते.

या हिवाळ्यात ज्यांना वाचायची इच्छा असेल त्यांनी लिओपोल्डपासून सुरुवात करावी, तो सोपा आहे. मग पोप आणि क्रोबर जोडीने. फॉकनरची वाक्ये पानपानभर लांब असतात, तेव्हा 'द ओल्ड पीपल' आधी वाचून मग 'द बेअर' घ्यावी. मात्र लायब्ररीत 'गो डाउन, मोझेस' मागा, 'बिग वुड्स' नको. आणि चौथा भाग कंटाळवाणा वाटला तरी उड्या मारून पुढे जाऊ नका.